विन्याचे आईवडील

आमच्या गावच्या मराठी मंडळाची बालशाळा दर रविवारी भरते आणि तिथल्या मोठ्या मुलांना गोष्टी सांगण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मुलांना सोडायला आलेले पालक जाताना हमखास एकच सांगून जातात, "काका, जरा संस्कार होतील असं काहीतरी सांगा हो." संस्कार म्हणजे नेमके काय हे कोणी फोड करून सांगत नाही, पण अंदाज येतो. मुलाने उलट बोलू नये, अभ्यास करावा, आणि पुढे आपण सुचवू त्याच वाटेने जावे. मग गोष्टीही तशाच निवडल्या जातात. श्रावणबाळ असतो, पुंडलिक असतो, पित्याच्या शब्दाखातर वनवासाला निघालेले रामचंद्र असतात. नचिकेत्याची मागणी आजवर एकाही पालकाने केलेली नाही.

वास्तविक कठोपनिषदातली ही गोष्ट मुलांना फार आवडते. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि प्रत्यक्षात गाई दिल्या त्या म्हाताऱ्या, दूध केव्हाच आटलेल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर घरातली अडगळ देऊन पावती घेतली! मुलाच्या ते ध्यानात आले. मग मला कोणाला देणार, असे त्याने बापाला एकदा नव्हे, तीनदा विचारले. बाप चिडला आणि जा, तुला यमाला दिला, असे बोलून बसला. मुलगा खरोखरच गेला. तीन रात्री यमाच्या दारी उपाशी बसला, आणि त्याबद्दल यमाने तीन वर देऊ केले. आत्मविद्या त्याने मागितली ती तिसऱ्या वराला. पहिल्या वराने मागितले ते हे, की वडिलांचा राग शांत व्हावा आणि मी परत गेलो म्हणजे त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावे. वर्गात मी इथे नेहमी थांबतो. बापाला अडचणीचा प्रश्न विचारणारा आणि बापाच्या मनःशांतीची काळजी करणारा मुलगा एकच आहे, हे आपण पालक सोयीस्करपणे विसरतो.

तसेच तैत्तिरीय उपनिषदाचे. आईला देव मान, वडिलांना देव मान, हा त्यातला उपदेश आपण पाट्या रंगवून लावतो. पण विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला तो उपदेश करणारा गुरू त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या वागण्यातले जे चांगले असेल तेवढेच उचल, बाकीचे उचलू नकोस, अशा अर्थाची. वडीलधाऱ्यांनी आपल्या आचरणाबद्दल दिलेली अशी सूट मी अन्यत्र फारशी पाहिलेली नाही. त्या वाक्याची पाटी मात्र कोणी रंगवीत नाही.

हे झाले ग्रंथांचे. उपनिषदांतले बाप फार दूरचे. त्यांच्या घरात स्वयंपाक कोण करीत होते, पोराने हट्ट केला तर कोण रागावत होते, हे काही कळत नाही. म्हणून ज्या घराची अशी बारीकसारीक हकीकत उपलब्ध आहे, असे एक घर वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. ते घर भावे यांचे. त्यांचा थोरला मुलगा विनायक पुढे आचार्य विनोबा म्हणून प्रसिद्ध झाला. एक सावधगिरीची सूचना आधीच देतो. ही हकीकत मुख्यत्वे विनोबांनी प्रवचनांतून आणि बोलण्यातून जी सांगितली तीच आहे. त्या आठवणी पुढे 'अहिंसा की तलाश' या हिंदी पुस्तकात संकलित झाल्या. म्हणजे आईवडिलांचे हे चित्र मुलाने काढलेले आहे, तेही बऱ्याच वर्षांनी आणि भक्तीने. आईने स्वतः काही लिहून ठेवले नाही. इतिहास वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, पण तेवढ्यासाठी चित्र फेकून देण्याचे कारण नाही.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे या खेड्यातला. तो भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता, आता रायगड म्हणतो. आजोबा शंभुराव व्रतस्थ आणि देवभोळे. एकदा पूजेच्या वेळी देवावर विंचू येऊन बसला. घरात आरडाओरडा झाला, मारा मारा. आजोबांनी सांगितले की तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कोणी हात लावू नये. त्यांनी पूजा नेहमीसारखी पुरी केली आणि विंचू आपला निघून गेला. लहान मुलासमोर हे घडले. यावर अहिंसेचे व्याख्यान देण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडची. कानडी भजने गुणगुणत काम करायची. शिक्षण असे काही नव्हते, पण या बाईची बुद्धी मोठी तल्लख होती. घरातले आणि गावातले तिला जे प्रसंग मिळत, त्यांतूनच तिचे तत्त्वज्ञान चाले. विन्याला (ती त्याला याच नावाने हाक मारी) लहानपणी भिंतीवरच्या स्वतःच्या मोठ्या सावलीची भीती वाटे. आईने सांगितले, अरे, ती तुझी गुलाम आहे, तू बस म्हणजे ती बसेल, तू उठलास की उठेल, करून बघ. मुलाने करून पाहिले आणि भीती गेली. दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टांत आपण शांकरवेदान्तात वाचतो. या माउलीने तो दिव्याच्या उजेडात, एका मिनिटात आणि मुलाकडूनच प्रयोग करवून शिकवला.

शेजारची बाई आजारी पडली की ही तिच्याकडे जाऊन स्वयंपाक करून येई. पण आधी आपल्या घरचा उरकून मग जाई. विन्या हे बघत होता. त्याने तोंडावर सांगितले, हा स्वार्थ आहे, आधी आपले आणि मग दुसऱ्याचे! आई रागावली नाही. तिने समजावले, की त्यांचा स्वयंपाक आधी केला तर जेवणाच्या वेळेपर्यंत तो निवून जाईल. आपला आधी केला तर निवतो तो आपला. मला ही गोष्ट उपनिषदातल्या संवादांइतकीच मोलाची वाटते. मुलाने आईवर स्वार्थाचा आरोप केला आणि आईने त्याला गप्प बस म्हटले नाही, त्याला कारण सांगितले.

दुसऱ्या एका प्रसंगी विन्याची हार झाली. दाराशी एक धडधाकट भिकारी आला, आईने भिक्षा घातली. अशांना दिल्याने आळस वाढतो, असे चिरंजीवांनी सुनावले. आईचे म्हणणे असे, की दारी येणारा परमेश्वरच, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारी मी कोण? आईच्या या मुद्द्याला आपल्याला पुढेही उत्तर सापडले नाही, असे विनोबा सांगत. मला स्वतःला उत्तर सापडते असे वाटते. पण इथल्या सिग्नलपाशी पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर मी गाडीची काच वर घेतो तेव्हा ते उत्तर तितकेसे ठाम राहत नाही.

आईने देवाला लाखभर तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज एकेक दाणा मोजून वाही. नरहरपंतांनी, म्हणजे विनोबांच्या वडिलांनी, हे पाहिले आणि सुचवले की एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे; वाटल्यास वर थोडे जास्त घालावेत म्हणजे कमी पडायला नकोत. नवऱ्याला काय उत्तर द्यावे हे तिला सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. विन्या म्हणाला की ही गणिताची बाब नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून एकेकच मोजावा. आईला आनंद झाला आणि तिने पतीला तसे सांगितले.

या गोष्टीत सगळे लक्ष विन्याच्या हुशारीकडे जाते. माझे जाते नरहरपंतांकडे. त्यांचा हिशेब चूक नव्हता; नमुना घेऊन मोजण्याची ती अगदी शास्त्रीय रीत आहे, आणि आपल्यापैकी निम्म्या मंडळींनी बायकोला तोच सल्ला दिला असता. पण उत्तर पटले तेव्हा त्यांनी आपला मुद्दा रेटला नाही. एका छपराखाली विज्ञान मानणारा बाप आणि भक्ती करणारी आई राहत होती, आणि मुलाला दोघांचेही काही घेता येत होते.

नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला राहत. विनोबा दहाएक वर्षांचे असताना कुटुंबही तिकडे गेले. पंतांना रसायनाची आवड. कापड रंगवण्याचे प्रयोग ते घरीच करीत. शिस्त कडक. एका दिवाळीला मुलांसाठी खाऊ आणतो असे सांगून ते आले आणि पुडके सोडले तर आत पुस्तके! मुलांसाठी लिहिलेले रामायण आणि महाभारत. याहून चांगला खाऊ कोणता असणार, या भावनेने आईच्या डोळ्यांत पाणी आले, अशी आठवण विनोबांनी सांगितली आहे. मुलांच्या चेहऱ्यांवर त्या क्षणी काय होते, याची नोंद नाही.

पंत मारतही असत. हे लपवण्यात अर्थ नाही आणि त्याचे समर्थनही मी करणार नाही. मार बसण्याची विनोबांना इतकी सवय झाली होती की एके दिवशी मार बसला नाही तेव्हा त्यांना नवल वाटले. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग उलगडा झाला, की सोळावे वर्ष लागले आहे. मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे जुने वचन आहे. विनोबा ते मनूचे म्हणून सांगत. एरवी ते चाणक्याच्या नावावरही सांगितले जाते. वचन कोणाचे का असेना, ते एका विशिष्ट तारखेपासून शब्दशः पाळणारा बाप मला विलक्षण वाटतो. आपल्याकडे हे वचन सुभाषितांच्या वहीत राहते, आणि पस्तिशीच्या मुलालाही आपण फोनवर विचारतो, जेवलास का, आणि त्या नोकरीचे काय केलेस.

मित्र मानणे याचा अर्थ इच्छा सोडणे असा मात्र नव्हता. मुलाने परदेशी जावे, मोठे शिक्षण घ्यावे असे पंतांच्या मनात होते, म्हणून हायस्कुलात त्याने फ्रेंच घ्यावे असे त्यांनी सांगितले. आईला हे कळले तेव्हा तिला वाईट वाटले. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये काय? विन्या शाळेत फ्रेंच शिकला आणि संस्कृत त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवले. दोघांचे ऐकले, पण चालला शेवटी तिसऱ्याच वाटेने. एके दिवशी चुलीपाशी बसून त्याने आपली प्रशस्तिपत्रे एकामागून एक जाळायला सुरुवात केली. आईने विचारले, हे काय? आता यांचा उपयोग नाही, असे उत्तर मिळाले. आज नसेल, पण ठेवायला काय हरकत आहे, असे ती म्हणाली. कोणतीही आई म्हणेल तेच. नोकरी कधीच करायची नाही, तेव्हा ठेवायची कशाला, असे त्याने सांगितले. तिने हात धरला नाही.

२५ मार्च १९१६ रोजी विनायक इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाला आणि वाटेत सुरतेला उतरून मित्रांसह काशीकडे गेला. घरी पत्र टाकले, की परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहे, माझ्या हातून वावगे काही होणार नाही याची खात्री असू द्यावी. तो एकवीस वर्षांचाही पुरा नव्हता. काशीहून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांना भेटला. घरच्यांना पत्ता नाही हे कळल्यावर गांधीजींनीच नरहरपंतांना पत्र पाठवले, की मुलगा माझ्यापाशी आहे. आणि मला वर्षानुवर्षे कष्ट करून जे साधले ते याला इतक्या कोवळ्या वयात साधले आहे, असा अभिप्राय दिला. बापाला या पत्राने काय वाटले असेल? अभिमान, हे उघड आहे. पण दिवाळीला पुस्तके आणणाऱ्या, फ्रेंच शिकवणाऱ्या, बॅरिस्टरीची स्वप्ने पाहणाऱ्या माणसाला तेवढेच वाटले असेल, हे मला पटत नाही.

इथे थोडे आपल्याविषयी. माझ्या पिढीतले आपण बहुतेकजण १९६५ चा नवा इमिग्रेशन कायदा झाल्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत इकडे आलो. आईवडिलांनी सांताक्रूझच्या विमानतळावर हार घातले, नारळ दिला, आणि आपण निघालो. दोन वर्षांत परत येतो असे सांगून निघालो. विनायकाने निदान पत्रात खोटे लिहिले नव्हते. आता आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी इंजिनिअरिंगचे तिसरे वर्ष सोडून शेतीच्या कामाला दुसऱ्या राज्यात गेली, तर तिचे वडील महिनाभर कोणाशी बोलेनात. मला ते म्हणाले, "आम्ही एवढं सगळं सोडून कोणासाठी आलो?" प्रश्न खरा आहे, दुःख खरे आहे. पण हाच प्रश्न पुण्याच्या वाड्यात मागे राहिलेल्या त्यांच्या वडिलांनीही विचारला असेल, फक्त ट्रंककॉल महाग असल्याने तो इथवर पोचला नसेल.

विनोबांनीच या दुखण्याचे निदान फार चांगले केले आहे. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती तिथल्या तिथे लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक ते हेच. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाचा दाखला आहे. शेकडो खुन्यांना त्याने फाशी दिली. एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहिला, आणि मग न्यायाधीशाला फाशीची शिक्षा किती अमानुष आहे याचा साक्षात्कार झाला. अर्जुनाचे तसेच झाले, असे विनोबा म्हणतात. अहिंसा ही त्याची वृत्ती नव्हती, समोर आपली माणसे दिसली म्हणून तो ते बोलू लागला. आपण हा दाखला उलटा करून पाहावा. दुसऱ्याच्या मुलाने मनाजोगते करण्यासाठी डॉक्टरी सोडली की आपण त्याचे कौतुक करतो आणि स्वधर्मावर बोलतो. तीच केस आपल्या कोर्टात आली की तत्त्वज्ञान बदलते.

पण स्वधर्म म्हणजे मनाला येईल ते, असा अर्थही विनोबांना मान्य नाही, आणि इथल्या तरुण मुलांशी माझा वाद होतो तो इथेच. मुले म्हणतात, पाहा, गीतेतही सांगितले आहे की ज्याने त्याने आपल्या वाटेने जावे! विनोबांच्या मते स्वधर्म आवडीनिवडीने दुकानातून निवडायचा नसतो. माणूस जन्मतो त्याच्या आधीपासून आईबाप असतात, समाज असतो, त्यांची सेवा हा धर्म जन्माबरोबर आपोआप मिळतो. आता हे सांगणारा माणूस स्वतः परीक्षेच्या गाडीतून उतरून निघून गेलेला! ही विसंगती आहे का? मी बरीच वर्षे यावर विचार केला आहे आणि माझे मत असे, की आहे, आणि ती त्यांनी पुरती सोडवलेलीही नाही. सोडवण्याचा प्रयत्न मात्र जन्मभर चालू ठेवला.

आईच्या बाबतीत तो प्रयत्न स्पष्ट दिसतो. घर सोडण्याच्या काही काळ आधी गीतेवरची प्रवचने ऐकून आल्यावर आईने सांगितले होते, की संस्कृत समजत नाही, मराठीतून गीता आणून दे. विन्याने वामनपंडितांची आणून दिली. ती वाचून झाल्यावर, तूच का करीत नाहीस, असे आईने त्याला सुचवले. १९१८ सालच्या साथीच्या दिवसांत आई आजारी पडली, विनोबा बडोद्याला आले, आणि २४ ऑक्टोबरला ती गेली. अंत्यविधी भटजींकडून व्हावेत हे विनोबांना पटेना, आणि घरचे ऐकेनात. तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत. स्नान करून घरी बसले आणि वेदांचे वाचन सुरू केले. आईचा थोरला मुलगा! नातेवाइकांनी काय म्हटले असेल ते सांगायला नको. आईचे एक लुगडे मात्र त्यांनी जवळ ठेवले होते, उशाला घेत. पुढे खादीचे व्रत घेतले तेव्हा ते खादीचे नाही म्हणून साबरमतीत सोडले. आणि आईने सुचवलेले काम १९३०-३१ साली, तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, पुरे झाले. त्याचे नाव 'गीताई', म्हणजे गीता आणि आई. घरोघर पोचलेले ते पुस्तक मुळात एका घरगुती मागणीची पूर्तता आहे.

वडिलांच्या वाट्याला एवढे आले नाही. विनोबांच्या मागोमाग बाळकोबा आणि शिवाजी हे भाऊही त्याच वाटेने गेले, तिघेही अविवाहित राहिले. बाळकोबांनी पुढे उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे काम उभे केले, शिवाजीरावांनी धुळ्याला गीताईचा अभ्यास केला. म्हणजे एकाच घरातून बाहेर पडूनही तिघांचे काम तीन तऱ्हेचे झाले. नरहरपंत बडोद्यातच राहिले. त्यांनी मुलांच्या नावाने खडे फोडले नाहीत की आश्रमात जाऊन थोरल्याच्या कीर्तीत वाटाही मागितला नाही. उतारवयात त्यांनी संगीताचा ध्यास घेतला, मुसलमान उस्तादांकडे शिकले आणि त्या विद्येची पुस्तके छापून काढली. मुले घराबाहेर पडल्यावर काय करावे, असे मला विचारणाऱ्या समवयस्कांना मी हे नाव सांगतो.

भूदानाचा इतिहास इथे सांगत नाही. तो १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला सुरू झाला आणि त्याच्या यशापयशावर वाद आहेत. एकच सांगतो. जमीनदाराकडे जमीन मागताना विनोबा म्हणत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. घर सोडून गेलेला मुलगा गावोगाव मुलगा म्हणूनच दार ठोठावत होता.

नरहरपंतांनी हे पाहिले नाही. अखेरच्या आजारात त्यांना धुळ्याला शिवाजीरावांकडे आणले होते आणि तिथेच १९४७ च्या ऑक्टोबरात ते वारले. अस्थी गोदावरीला न्याव्यात असे काहींचे म्हणणे पडले. विनोबांनी त्या तिथेच जमिनीत खड्डा करून पुरल्या आणि वर तुळस लावली.